टेलरची चिलखती गाडी

मोटरसायकलचे पार्ट बसवणाऱ्या दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत गाडी ढकलत आणली, घाम पुसला, हेल्मेट चढवलं आणि उरलेली दहा पावलं टेलर अशा ऐटीत आला, जणू आत्ताच उतरलाय.

गाडी नवी कोरी होती. फक्त ती त्याला चालवता येत नव्हती. बेचाळीस वर्षांत त्याची मजल सायकलपुढे गेलेली नव्हती. मग घेतली कशाला? तर या दुकानातली फिटरबाई एकदा त्याच्याकडे कामाचे कपडे शिवून घ्यायला आली होती, आणि माप घेताना गडी आकडेच विसरला. तिच्याकडे जायचं तर निमित्त हवं.

"अरे, मग पंक्चर सायकल न्यायची!" त्याच्या ताईने कपाळावर हात मारला.

"तिथे सायकलचं काम करत नाहीत."

पहिल्याच दिवशी त्याने नऊ पार्टची यादी दिली. क्रॅश गार्ड, हँड गार्ड, इंजिनखालचा पत्रा, टाकीचं कव्हर, जे सुचेल ते. गल्ल्यावर बसलेले तिचे वडील म्हणाले, "युद्धावर निघालात की काय?"

पण नशीब जोरावर होतं. पार्ट कधी एकदम आलेच नाहीत. दर गुरुवारी एकच.

"बाकीचे वाटेत आहेत हो," वडील चष्म्यावरून बघत म्हणायचे. टेलरला वाटायचं, देव पावला.

फिटरबाई काम सुरू करण्याआधी सायलेन्सरवर तळवा ठेवायची. सवय असावी. मग पाना उचलायची.

"घाम फार आलाय तुम्हाला."

"ऊन आहे ना."

तिने भरून आलेल्या आभाळाकडे पाहिलं. "हो. फारच."

एवढंच बोलणं व्हायचं, आणि तेवढ्यावर तो आठवडा काढायचा. ताईने मात्र बजावलं होतं, "पार्ट संपायच्या आत बोल. नाहीतर बस मग जन्मभर काजं करत."

आज नववा गुरुवार होता. शेवटचा पार्ट, मागच्या सीटचा टेकू. तिने बोल्ट आवळला.

"झालं. आता लावायला काही उरलं नाही."

घरून पाठ करून आणलेलं वाक्य टेलर ऐनवेळी विसरला.

"घंटी... घंटी बसवता येईल?"

"हॉर्न आहे गाडीला, टेलर."

"हो की. मग... येतो."

त्याने हँडल धरलं.

"ढकलत?" तिने विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. आता काय, बुडत्याचा पाय खोलात. "मला चालवता येत नाही," तो एका दमात म्हणाला. "आणि गाडीचं मला काही पडलेलंही नाही. मला तुम्हाला भेटायचं असतं. बास, सांगून टाकलं."

गल्ल्यावर वडिलांना जोराचा खोकला आला. फिटरबाईने फडक्याला हात पुसले आणि किल्ली घेतली.

"टेकू मागे बसणाऱ्यासाठी असतो. नीट बसलाय का, बघायला नको? मी चालवते. माझं हेल्मेट आत फळीवरच्या खोक्यात आहे, तेवढं आणा."

टेलर धावतच आत गेला. हेल्मेट होतं. खोक्यावर चिकटवलेल्या कागदावर त्याचंच नाव होतं, पुढे नऊच्या नऊ पार्ट, सगळे एकाच दिवशी पोचलेले, तारीख दोन महिन्यांपूर्वीची. आणि खाली लाल पेन्सिलीने, तिच्या अक्षरात: "बाबा, दर गुरुवारी एकच काढायचा."