बांधावरचा ठिपका

सास्तूरच्या शिवारात धोंडप्पानं दरसाल नांगर घालून विधवा भावजयीचा बांध कोरला. कोरता कोरता तिचं निम्मं रान गिळलं.

"भावजी, वरनं समदं दिसतंय," प्रेमाबाई म्हणायची.

"वर कोण न्हाय, वैनी!" तो हसायचा.

उरल्यासुरल्या बांधावरच तिनं प्राण सोडला.

महिन्यानं त्यानं मोबाइलवर रानाचा उपग्रहानं काढलेला फोटो उघडला. मोडलेला बांध जुन्या जागी सलग उभा होता. त्यावर तिच्या अंजिरी लुगड्याचा ठिपका.

पुढच्या फोटोत बांध त्याच्या विहिरीपर्यंत सरकला होता, आणि ठिपकाही.

आज दुपारी अंगणात बाजेवर बसून त्यानं नवा फोटो बघितला. बांध थेट बाजेखालनं गेला होता. ठिपका कुठंच नव्हता.

पायाखालची फरशी नांगरल्यासारखी भुसभुशीत लागली.

"भावजी," पाठीमागनं आवाज आला, "वर बघा. फोटू निघतोय."