न हललेली पापणी

"थप्पड बसायच्या आधीच तुम्ही डोळे का मिटता? महानायिका अशी घाबरट असते का?"

माईक धरून तिने मंचावरच्या नटीला एका दमात विचारलं आणि सभागृह गार पडलं. मागच्या रांगेत चार मैत्रिणींनी तोंडावर हात दाबले. पैज त्यांचीच होती. हे विचारायची हिंमत वर्गात फक्त एकीची, आणि तिला सगळे भोंगा म्हणत. दोन वर्षांपूर्वी हजेरी देतानाही तिचा आवाज फुटत नसे. मग टेबल टेनिसचे तीन चषक घरी आले आणि तो जो सुटला तो सुटलाच. येत्या सोमवारपासून धाकटी बहीणही तिच्याच टेबल टेनिसच्या क्लासला जाणार होती. घरात अजून एक चॅम्पियन, असं बाबा भेटेल त्याला सांगत सुटले होते.

प्रश्न मात्र तिच्या एकटीचा नव्हता. तिसऱ्या सीझनला 'महानायिका' मालिकेची नायिका बदलली, तेव्हापासून चाहत्यांच्या ग्रुपवर धुमश्चक्री चालू होती. अर्ध्यांना नवी नटी काटकुळी वाटत होती. बाकीच्यांचं म्हणणं, नटीचं सोडा, मारहाणच फार झाली. गुरू नायिकेला थपडा मारतो तो प्रसंग लहान पोरं बघतात, तो काढून टाका. भोंग्याने त्यावर लिहिलं होतं की एवढ्याशा थपडांनी काय होतंय, खरी खेळाडू पापणीसुद्धा हलवत नाही. त्याला दोनशे बदाम पडले होते.

नवी नटी चिडली नाही. मिटतात खरे, ती हसत म्हणाली, बारा वेळा शॉट घेतला आणि बाराही वेळा मिटले. तिने शेजारी बसलेल्या बाईंकडे बोट दाखवलं. त्या मालिकेच्या फाइटमास्तर होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या. त्यांनी भोंग्याला थेट मंचावर बोलावलं.

आधी त्यांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. हात गालापासून वीतभर लांबून जातो. आवाज मार खाणाऱ्यानेच हळूच टाळी वाजवून काढायचा. आणि मार खाणारा मानेने हो म्हणत नाही तोवर हात उचलायचाच नाही, हा त्यांच्या कामातला पहिला नियम. भोंग्याला गंमत वाटली. हो म्हणायचं असतं हे तिला नवीनच होतं. तिने मान हलवली. हात सणकन आला.

तिची पापणी हलली नाही.

सभागृहात टाळ्या आणि शिट्ट्या. हिलाच घ्या नायिका, कुणीतरी ओरडलं. मैत्रिणी तर खुर्चीवर चढल्या. फाइटमास्तर मात्र हसल्या नाहीत. पुढचे प्रश्न नटीवर सोपवून त्या तिला मंचाच्या कडेला घेऊन गेल्या.

"पोरी, तीस वर्षांत हजारभर लोकांवर हात उगारलाय मी. पहिल्या वेळी सगळ्यांचे डोळे मिटतात. मिटायलाच हवेत. तुझे मिटले नाहीत. कोण मारतं तुला?"

"कुणी नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "सर. पण ते खेळासाठी."

आणि मग बोलतच सुटली. चेंडू अंगावर आला तरी डोळे मिटता कामा नयेत, म्हणून क्लासचे सर टेबलाशी उभं करून थप्पड मारायचे. डोळे मिटले की आणखी एक. पहिल्या महिन्यात तिचा गाल सुजलेला असायचा आणि घरी ती दाढ दुखते म्हणायची. आता एकीवर भागतं. सांगायला सुरुवात केली तेव्हा तिला अभिमान वाटत होता. तो अर्ध्या वाटेत कुठे गळून पडला, तिचं तिलाच कळलं नाही. बाईंनी शेवटी खिशातलं पेन काढून तिच्या तळहातावर आपला नंबर लिहिला. घरी सांगायला जीभ रेटली नाही तर त्या स्वतः येणार होत्या, गुडघा कितीही कुरकुरला तरी.

भोंग्याला आभार मानायचे होते आणि नेमका आवाज फुटेना. तिने बाईंना गच्च मिठी मारली, इतकी की बाई म्हणाल्या, अगं, माझी हाडं जुनी आहेत.

परतताना मैत्रिणी मंचावरचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होत्या. त्या बाईंबद्दल, त्या पैजेबद्दल आणि या आगाऊ पोरींबद्दल तिला इतकं भरून आलं, की तिने कारण न सांगता चौघींचेही गालगुच्चे घेतले. डोकं फिरलंय हिचं, असा चौघींनी एकमताने निकाल दिला.

घरी आई मशीनवर तिचा क्लासचा जुना टी-शर्ट छोटीच्या मापाचा करत होती. बाबा छोट्या बॅटला नवं रबर चिकटवत होते. काय म्हणते तुमची महानायिका, त्यांनी मान वर न करताच विचारलं. तेवढ्यात छोटी धावत आली आणि ताईपुढे ताठ उभी राहिली. हात मागे बांधलेले, डोळे टक्क उघडे.

"ताई, वाजव टाळी. आज बघ, एकदापण नाही मिटणार."

गेले आठ दिवस रोज संध्याकाळी ती टाळी छोटीच्या नाकासमोर वाजत होती. आई-बाबांना वाटायचं, बहिणी-बहिणी खेळतायत.

आज भोंग्याने टाळी वाजवली नाही. तिने छोटीच्या डोळ्यांवर अलगद हात ठेवला आणि ते मिटू दिले. मग आईच्या मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"आई, बाबा, सोमवारी छोटी क्लासला जाणार नाही. मीही नाही. सर रोज थपडा मारतात, आणि आठ दिवस मी हिला त्या खायला शिकवत होते."