स्टेवरचं मैदान

नेऱ्यातल्या त्या दोन एकरांवर सव्वीस वर्षं कोर्टाचा स्टे होता. नांगर घालता येईना की वीट रचता येईना, म्हणून तिथं फुटबॉल सुरू झाला. टीमला फुटबॉल संघटनेची मान्यता मात्र कधीच मिळाली नाही; संघटनेवाले दर वेळी मैदानाचे कागद मागायचे आणि कागद कोर्टात अडकलेले.

टीम काढली भैरूनं. ज्याच्याशी दावा चालू होता तो चुलतभाऊ गेनू त्याचा गोलकीपर. तारखेला दोघं आपापल्या वकिलामागं उभे राहायचे, रविवारी एकाच बाजूनं खेळायचे. आता दोघांचेही गुडघे गेले. कडेला बसून पोरांवर ओरडायचं तेवढं राहिलं.

मंगळवारी निकाल लागला. सगळी जमीन भैरूची झाली. घरी मुलांनी पेढे वाटले आणि बिल्डरला फोन लावला. भैरू उठला, चपला सरकवल्या आणि गेनूच्या ओट्यावर जाऊन बसला.

 

"गेन्या, लई दमलोय रं. पन तू वरच्या कोर्टात जा, परत स्टे आन. वकिलाचं मी बघतो."