कव्हर घातलेलं पुस्तक

‘‘नंबर आहे, मॅडम. मी सांगतोय ना, आहे!’’

नंबरकाकांनी जाडजूड पुस्तक डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आदळलं. मनोरुग्णांच्या त्या इस्पितळात सव्वीस वर्षं त्यांचं एकच काम होतं. डॉक्टरांनी केसपेपरवर आजाराचं नाव लिहायचं आणि काकांनी पुस्तकात बघून त्याचा नंबर कोपऱ्यात लाल पेन्सिलीने टाकायचा. बघून कसलं, सगळे नंबर तोंडपाठ! झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायचे नाहीत. नंबर पडला की वॉर्ड ठरायचा, औषध ठरायचं, फाईल पुढे सरकायची. नंबर नाही तर तुम्ही आजारीच नाही, असा सगळा कारभार.

आज मात्र बाहेरच्या बाकावर त्यांचीच मुलगी बसली होती. चोवीस वर्षांची, शिकलेली, आपल्या पायांवर उभी असलेली. रविवारी तिने जेवता जेवता सांगून टाकलं होतं, माझ्यासाठी मुलगा बघू नका. माझं ऑफिसातल्या एका मैत्रिणीवर प्रेम आहे. जन्म काढायचा तो तिच्याबरोबरच. झालं! तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता.

‘‘वेळेत दाखवा हो तिला,’’ बायकोने रडून रडून डोळे सुजवून घेतले होते. ‘‘धाकट्या भावजींच्या वेळी उशीर झाला. पोरीच्या बाबतीत तरी नको.’’

धाकटे भावजी म्हणजे काकांचा पाठचा भाऊ. त्याचंही हेच होतं. त्याचा एक मित्र होता, आणि लग्नाचं नाव काढलं की तो घर सोडून जायला निघायचा. काकांनीच त्याला हाताला धरून इथे आणलं होतं. नंबरही स्वतःच टाकला. विजेचे झटके झाले, गोळ्या झाल्या. तीन महिन्यांनी तो घरी आला तेव्हा त्याची जीभ जड झाली होती आणि तो कुणाकडे मान वर करून बघत नव्हता. महिन्याभरात त्याने जीव दिला. आजार बळावला होता, आधीच आणायला हवं होतं, अशी काकांनी मनाची समजूत घातली होती. वीस वर्षं ती कशीबशी टिकली होती.

डॉक्टरीणबाई नव्या होत्या, बदली होऊन महिनाही झाला नव्हता.

‘‘मी तिच्याशी तासभर बोलले, काका. तिला काहीही झालेलं नाही. घाबरलीय फक्त. आणि तेसुद्धा तुम्हाला.’’

‘‘असं कसं म्हणता? हे बघा, हे पान.’’ काकांनी ओळीवर बोट ठेवलं. ‘‘हे नाव, हा नंबर. तुम्ही फक्त औषध लिहा. कसलंही लिहा, कितीही दिवसांचं लिहा. पाया पडतो तुमच्या. मी एक माणूस घालवलाय, मॅडम. मला पोर जिवंत हवीय!’’

बाईंनी पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि पहिलं पान उघडलं.

‘‘हे जुनं आहे, काका. ह्याच्यानंतरचं कुठाय?’’

‘‘कपाटात. मळू नये म्हणून कव्हर घालून ठेवलंय. लागतंच कुणाला? सगळ्यांना जुने नंबर सवयीचे.’’

‘‘घेऊन या.’’

काकांनी ते आणलं. खाकी कव्हर अजून कोरं होतं, पानं एकमेकांना चिकटलेली. त्यांनी यादीवरून बोट फिरवलं. वरून खाली, मग खालून वर. चष्मा पुसून पुन्हा एकदा.

‘‘छापायचा राहिला वाटतं.’’

‘‘राहिला नाही. काढला.’’

‘‘काढला?’’ काका भडकलेच. ‘‘आजार असा काढता येतो होय? मग उद्या क्षय काढा, परवा मधुमेह काढा. टाळं लावा सगळ्या दवाखान्यांना!’’

‘‘तो आजार नव्हताच, काका. कुणाला कोण आवडावं, हा काही रोग नाही. ज्यांनी पुस्तक केलं त्यांचीच चूक होती. त्यांना ती कळली आणि त्यांनी खोडली.’’

बाईंना वाटलं, आता काका रडतील नाहीतर भांडतील. पण सव्वीस वर्षं मुरलेला कारकून होता तो. त्यांनी कारकुनाचाच प्रश्न विचारला.

‘‘कधीपासून लागू?’’

‘‘हे पुस्तक आलं तेव्हापासून तरी नक्कीच.’’

पुस्तक कधी आलं, ते पहिल्या पानावरच होतं. इस्पितळाचा गोल आवक शिक्का, शिक्क्यात तारीख आणि खाली काकांची सही. तारीख धाकट्याला भरती केलं त्याच्या दोन वर्षं आधीची होती. काकांनी बोटांवर वर्षं मोजली. पुन्हा मोजली. दोनच येत होती.

ते बाहेर आले तशी मुलगी बाकावरून उठली. कपड्यांची पिशवी तिने पोटाशी धरली होती. सकाळी ती काकांनीच भरून दिली होती.

‘‘बाबा, गोळ्या घेईन मी. म्हणाल तेवढ्या घेईन,’’ ती म्हणाली. ‘‘फक्त मला इथे ठेवून जाऊ नका हो.’’

काकांनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको होती.

‘‘काय हो, काय म्हणाल्या डॉक्टर? सापडला का नंबर?’’

‘‘पोर ठणठणीत आहे,’’ काका म्हणाले, आणि भिंतीला टेकत खाली फरशीवरच बसले. ‘‘धाकटाही ठणठणीत होता गं. मीच आणला त्याला इथे.’’