दार ओढून घे रे

पाचवं गाणं सुरू झालं तसा चष्मेवाल्याने हातातला बारीक स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“ठोकाठोकी फार आहे,” तो म्हणाला.

“काका, चौथ्यालाही तेच म्हणालात.” काउंटरवरची मुलगी आरसे पुसता पुसता ताल धरत होती. त्या गायिकेचा नवा अल्बम सकाळीच आला होता आणि दुकानाचं शटर वर करताच तिने तो लावला होता. “आवडत नसेल तर बंद करू?”

“राहू दे. तुझी करमणूक होतेय.”

गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे चष्मेवाला स्वतःच सांगे. पण कळत नाही म्हणून मत नसावं असं थोडंच आहे! पहिलं गाणं त्याला मारुतीच्या शेपटासारखं लांबलेलं वाटलं. दुसऱ्यात ही बया शब्दांचे शेवट गिळते, म्हणाला. तिसऱ्यात ती खालच्या सुरात गायली तेव्हा मात्र त्याने काच घासायचं यंत्र बंद केलं. मुलीने अल्बमवरचा फोटो दाखवला तर पुन्हा कुरकुर सुरू.

“तोंडाला चंदेरी रंग कशाला फासलाय? आणि आडनाव कुठे गेलं हिचं?”

“स्टार लोक आडनाव लावत नाहीत, काका.”

“बरंय बाई त्यांचं.”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. बायको होती.

“केलात का फोन?”

“गिऱ्हाईक आहे समोर.” दुकानात चिटपाखरू नव्हतं.

“कार्टं उद्या परदेशी निघतंय. मग वर्षभर तोंड दिसायचं नाही. बाबांनी आपणहून बोलावलं तरच घरी येईन म्हणतंय. हट्टात अगदी तुमच्यावर गेलंय.”

“बघतो.”

“आठ वर्षं बघताच आहात.”

त्याने फोन खिशात टाकला. आठ वर्षांपूर्वी लेकराने कॉलेज अर्ध्यावर सोडलं त्या दिवशी घरात व्हायचं ते झालं. पिशवी खांद्याला लावून उंबऱ्यापर्यंत गेलेलं पोर एकदा थांबलं होतं, वळून बघत होतं. बापाने तेव्हा चार शब्द मायेचे बोलायला हवे होते. तो चार बोलला, पण नको ते. त्या शब्दांची त्याला लाज वाटत होती. आणि भीती ही, की ते पोराच्या अजून लक्षात असतील. नुसता नंबर फिरवायचा, पण बोटं चालत नव्हती.

दार ढकलून एक बाई आत आल्या. दोन वेण्या घातलेली त्यांची मुलगी पहिल्या चष्म्याच्या धसक्याने रडवेली झाली होती.

“ये रे राजा, बस इथे.” चष्मेवाल्याने तिला उंच खुर्चीवर चढवलं. “घाबरलास? छे, तू तर शूर आहेस. सांग बरं, खालची ओळ दिसते का?”

पोरीने नाक पुसून अक्षरं वाचायला घेतली. मागे सहावं गाणं लागलं होतं. ‘दार ओढून घे रे,’ गायिका म्हणत होती, ‘दार ओढून घे.’

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. “अहो, लहान पोरं येतात दुकानात. असली गाणी लावता?”

काउंटरवरच्या मुलीने हसू दाबत आवाज बारीक केला. मायलेकी फ्रेम पसंत करून गेल्या तशी ती उसळून म्हणाली, “हेच ते, काका! सकाळपासून जो तो याच्यावरच बोलतोय. हा ‘रे’ कोण, म्हणून लोकांनी नुसता पिच्छा पुरवलाय. कोणी म्हणतं नट, कोणी म्हणतं तिचाच ड्रमवाला. धीट आहे हं बाई! आत ये, दार ओढून घे!”

“परत लाव.”

“आवडलं?”

“लाव म्हटलं ना.”

या गाण्यात ठोकाठोकी नव्हतीच. एकटा आवाज होता, आणि तीच ओळ फिरून फिरून येत होती. चष्मेवाल्याने ते उभ्यानेच ऐकलं.

“आत येणाऱ्याला ‘दार लाव’ म्हणतात,” तो म्हणाला. “‘ओढून घे’ जाणाऱ्याला सांगतात.”

मुलगी विचारात पडली. “खरंच की! म्हणजे हाकललं होय त्याला?”

“हाकललं असं नाही. माणूस रागाच्या भरात बोलून जातो. मनात तसं नसतं.”

“मग मनातलं बोलायचं. तोंडाला काय कुलूप होतं?”

त्याने पुन्हा यंत्र सुरू केलं, पण काच हातात नीट बसेना. कडेचा टवका उडाला.

“आज तुमचं लक्ष नाही, काका.”

“नाही खरं.”

तो उठला आणि मागच्या खोलीत गेला. फ्रेमच्या खोक्यांमध्ये जेमतेम उभं राहण्यापुरती जागा होती. बायकोने कधीचा पाठवून ठेवलेला नंबर त्याने काढला आणि विचार करायला उसंत न देता दाबला. पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“राजा,” तो म्हणाला. “ऐकतोयस ना रे?”

नुसता श्वास ऐकू येत होता.

“त्या दिवशी मी जे बोललो...” वाक्य पुरं करायचं बळ नव्हतं, पण आता थांबायचंही नव्हतं. “मला तसं म्हणायचं नव्हतं रे. घरी ये. आजच ये.”

पलीकडून आवाज आला, खालच्या सुरात, शब्दांचे शेवट गिळत.

“तुम्ही पाठ फिरवली होतीत, म्हणून दिसलं नाही तुम्हाला. दार नंतर आईने लावलं. मी उघडंच ठेवून गेले होते, बाबा.”