फारोच्या नावाची जागा

डोळे मिटा आणि एक काळा दगड समोर आणा. वर्गाच्या दारापेक्षा उंच, बत्तीसशे वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये कोरलेला. दिसला? शिवाजी पेठेत त्र्यंबक गुरुजींच्या सोप्यात बसून सातवीतली श्रुतीही तोच दगड बघत होती.

"फारो मर्नेप्ताहनं त्यावर आपले विजय कोरून घेतले," गुरुजी म्हणाले. "शेवटाकडं एक ओळ आहे. इस्राएल उजाड झाला, त्याचं बी उरलं नाही. बायबलमधलेच लोक हे! आणि गंमत बघ, बी उरलं नाही म्हणून राजानं दगडात कोरलं, ते लोक आजही आहेत."

श्रुतीच्या अंगावर काटा आला. पण मांडीवरचा तक्ता तिला स्वस्थ बसू देईना. डावीकडं बायबल, उजवीकडं इजिप्तचे राजे आणि मधोमध बायबलमधल्या फारोच्या नावासाठी मोठी रिकामी चौकट. मागच्या वर्षी तिचा तक्ता अर्धवट म्हणून भिंतीवर लागलाच नव्हता. उद्या प्रदर्शन होतं आणि बघायला खुद्द आक्का, तिची आजी, येणार होती.

"गुरुजी, जन्मलेले मुलगे मारायला सांगणारा फारो कुठला?"

"कुणी म्हणतं दुसरा रामसेस, कुणी आणखी कोण. बायबलनं त्याचं नावच दिलेलं नाही."

"राजाचं नाव न्हाय? मग माझी चौकट?"

मागं बयाबाई गुरुजींच्या आईच्या, माईंच्या, गुडघ्यांना तेल चोळत होती. चाळीस वर्षं पेठेची सुईण, आता हातपाय चोळून द्यायची. ती खुदकन हसली. "राजाचंच नाव इसरले! लैच झालं की."

श्रुती अवघडली. बारा वर्षं झाली, आक्का बयाबाईला उंबऱ्याच्या आत घेत नव्हती. कारण सगळ्या गल्लीला माहीत होतं. श्रुतीच्या आधीच्या दोन बहिणी आक्काच्या माहेरच्या गावी धडधाकट जन्मल्या आणि बारशाआधीच गेल्या. तिसऱ्या खेपेला आक्कानं बयाबाईला सांगून ठेवलं होतं. पण ऐन वेळी बयाबाई पोचायच्या आधीच श्रुती जन्मली, आणि तिच्या रडण्यानं अख्खी गल्ली दारात गोळा झाली. आक्का अजून करवादायची, "भिंतीला भिंत लागून घर, आन् म्हणं उशीर झाला!"

"बयाबाई, तुमी सगळीकडंच उशिरा जायचा काय ओ?" श्रुतीनं विचारलं.

"अगं, पहाटे पावसात पार लांब राधानगरीला गेलीय ही, तीसुद्धा वेळेवर," माई म्हणाल्या. "उशीर झाला तो एकट्या तुझ्याच वेळी."

"डोळा लागलाता," बयाबाई म्हणाली आणि तेलाची वाटी पुढं ओढली.

गुरुजींनी जाडजूड पुस्तक उघडलं. "राजाचं नाव नाही, पण दोन साध्या सुइणींची आहेत बघ. शिप्रा आणि पुवा. फारोनं त्यांना बोलावून बजावलं, इस्राएली बाईला मुलगा झाला की तिथंच संपवा. त्यांनी एकालाही हात लावला नाही. केवढा राजा, केवढी त्याची फौज! आणि या दोघी बायका."

"मग राजा खवळला नसंल?"

"खवळला की. जाब विचारला. तर म्हणाल्या, महाराज, त्या बायका भारी दणकट. आम्ही पोचायच्या आधीच बाळंत होतात."

श्रुतीनं हळूच मान वळवली. माईंच्या गुडघ्यावरचा हात थांबला होता. बयाबाई वर बघेना.

"पोरगी बगा, बगत बसलीया," वाटीकडं बघतच ती म्हणाली. "लिव्ह की गं. उद्या परदर्शन हाय न्हवं?"

श्रुतीनं स्केचपेनचं टोपण काढलं. फारोच्या चौकटीत तिनं मोठ्या अक्षरात लिहिलं, शिप्रा. त्याखाली, पुवा. आणि त्याखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, बयाबाई.