एक ते, एक आपण

"टोकापर्यंत शांतपणे जायचं. लेन अडवणारी पिंपं दिसली म्हणून घुसाघुशी करायची नाही. आणि टोकाला शेजारच्या लेनमधून जो येईल, त्याला आपल्यापुढे घ्यायचं. एक ते, मग एक आपण. देतेस शब्द?"

जन्मभर बस चालवलेल्या सासऱ्यांचा हा आवाज रोज सकाळी पुलाआधीच्या रांगेत तिच्या कानाशी येई. शब्द तिने दिला होता. एकाला वाट दिल्याशिवाय ती पूल चढत नसे.

आज उजव्या, पुढे संपणाऱ्या लेनमधून ती पांढरी पिकअप तिच्या बरोबरीने सरकत होती. रांग हलली की हलायची, थांबली की थांबायची. समोर रस्ता मोकळा असूनही पुढे जात नव्हती. मागे काहीच भरलेलं नव्हतं. कालही नव्हतं.

"तोच ना गं?" शेजारी बसलेल्या नणंदेने मान न वळवता विचारलं.

"तोच, वन्सं."

काल हा पिकअपवाला तिच्या मागे होता. तिने एका स्कूटरला पुढे घेतलं, तसा मागून दणका बसला. मग तो उतरून खिडकीशी आला. आवाज मुळीच चढवला नाही.

"आम्ही कधीचे रांगेत, ताई. हे रिकाम्या लेनमधून थेट टोकाला येतात आणि तुम्ही त्यांना पायघड्या घालता."

"लेन टोकापर्यंत दिलीय ना, दादा. ती वापरायलाच दिलीय."

"बरं. मग उद्या मी त्या बाजूने येतो. मला घ्या. पुलावर पुढे मी, मागे तुम्ही. आणि बाजूला कठडा नाही."

परत जाताना त्याने तिच्या फुटलेल्या दिव्याची काच पायाने कडेला सारली होती, कुणाच्या टायरला लागू नये अशी.

पिंपं दिसू लागली. पलीकडे पूल. त्याचा डावा कठडा दुरुस्तीसाठी काढलेला, तिथे नुसती लाल-पांढरी पट्टी फडफडत होती.

"गाडी वळव," नणंद म्हणाली. "दवाखान्यात चादरी उशिरा पोचल्या तर पेशंट काही उठून जाणार नाहीत."

मागच्या सीटवर धुतलेल्या चादरींचे गठ्ठे काचेपर्यंत रचलेले. त्यांच्यामागे गाडीला गाडी चिकटलेली.

"मग पुढच्याला चिकटून काढ. संध्याकाळी येताना दोघांना घे. झाली फिट्टंफाट."

"नेमात फिट्टंफाट नसते, वन्सं."

"बाबा एकदाही वेळेवर घरी का आले नाहीत, ते आता कळतंय मला." नणंद हसायला गेली, पण जमलं नाही. "माझेच वडील ना ते? मी सांगते, आजच्या दिवस सूट."

"जो येईल तो, असं म्हणाले होते. कोण, ते नव्हते म्हणाले."

रांग थांबली. पिकअपही थांबली. काचेआड त्याची बोटं स्टिअरिंगवर हलकेच ताल धरत होती.

"तुम्ही इथे उतरा," ती म्हणाली. "पिंपांच्या आतून चालत या. मी पलीकडे थांबते."

"आणि नाही थांबलीस तर?"

"आपले जेवणाचे डबे तेवढे तुमच्याजवळ असू द्या."

नणंदेने तिच्याकडे पाहिलं. मग दोन्ही डबे छातीशी धरून ती उतरली. दार नीट लागलं नव्हतं. तिने वाकून ते पुन्हा उघडलं आणि व्यवस्थित लावलं.

पुढची गाडी पुलावर गेली. तिने ब्रेकवरचा पाय काढला नाही. समोर बरोबर एका गाडीची जागा झाली. मागून हॉर्न सुरू झाले. तिने स्टिअरिंगवरचा हात उचलून पिकअपला खूण केली. या.

त्याची बोटं थांबली. पिकअप सावकाश आत आली, पुलावर चढली, आणि मधोमध, कठडा नव्हता तिथे, तिचे ब्रेकचे लाल दिवे लागले. लागलेलेच राहिले. पिकअपपुढचा पूल रिकामा होत गेला.

"एक ते," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने सीटचा पट्टा एकदा ओढून पाहिला, आणि हळूच गाडी पुलावर घातली.